दोन बोटांमधले तेल

आमच्या कोल्हापुरात मेस्त्री इंजिनातले तेल तपासतो ते असे : डिपस्टिक ओढायची, टोकाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने चोळायचा आणि मग दोन्ही बोटे सावकाश लांब करत मधली तार किती ताणली जाते ते बघायचे. तार लांबली की मान डोलते, "तेलात दम आहे, साहेब." लगेच तुटली की तोंड वाकडे होते, "पाणी झालंय याचं." तीसेक वर्षे मी ही परीक्षा बघत आलो आणि तिच्यावर विश्वासही ठेवत आलो. हातात कसब असलेल्या माणसाच्या बोटांना आपल्यापेक्षा जास्त कळते, असे मानण्यात चूकही काही नव्हती.

२०१६ च्या जुलैत रत्नागिरीला बहिणीकडे निघालो होतो. आंबा घाट उतरताना डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेईपर्यंत खालून खडखड ऐकू येऊ लागली आणि इंजिन गेले. पंधरवड्यापूर्वीच मेस्त्रीने तेलाची तार ताणून पाहिली होती आणि ती चांगली वीतभर, म्हणजे अतिशयोक्ती सोडली तरी बोटभर, लांबली होती. गाडी टो करून आणली. टॅपेट कव्हर उघडले तेव्हा आत जळक्या शिऱ्यासारखा काळा गाळ होता. चेंबर उतरवले, तर तेल पंपाच्या तोंडाची जाळी त्याच गाळाने बुजलेली. तेल होते, पातळीही बरोबर होती, पण वर चढायला वाट नव्हती. क्रँकची बेअरिंगे ओरखडून तांबूस झाली होती. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या निम्म्याला टेकला. मला जास्त बोचली ती दुसरीच गोष्ट. दुकानात मिळणारे सर्वांत महाग तेल मी विकत घेतले होते. त्याच्या डब्यावर दीर्घकाळ टिकण्याचे आश्वासन होते आणि तेवढे किलोमीटर अजून व्हायचेच होते.

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका सहकारी बँकेत नोकरी केलेला माणूस. पण त्या पावसाळ्यापासून एक प्रश्न डोक्यात बसला तो उठलाच नाही : एक तेल दुसऱ्यापेक्षा इंजिनाला जास्त जपते, हे कळते कसे? कंपन्या सांगतात ते सोडा, मेस्त्री सांगतो तेही क्षणभर सोडा. मोजले कुणी, कशाने, आणि त्या मोजण्यावर किती भरवसा ठेवावा? जुने शोधनिबंध, चाचण्यांची विवरणे, गाड्यांच्या पुस्तिका असे हाताला लागेल ते वाचत गेलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

सुरुवात शब्दापासून करू. मराठी विश्वकोशाने बेअरिंगला 'धारवा' असा छान शब्द दिला आहे. उद्यमनगरात तो कुणाच्या तोंडी नाही, म्हणून मीही वापरत नाही. 'श्यानता' हा शब्द मात्र घेणे भाग आहे, कारण त्याऐवजी आपण जो 'चिकटपणा' म्हणतो तो फसवतो. चिकटणे निराळे आणि वाहायला कुरकुरणे निराळे. गुऱ्हाळावर गरम काकवी पाण्यासारखी ओतली जाते, तीच थंडीत बरणीतून उतरायला तयार नसते. काकवी तीच, बदलली ती तिची श्यानता. तेलाचेही तसेच. बोटांमध्ये ताणलेली तार फार तर त्या क्षणीच्या, त्या तापमानाच्या श्यानतेचा ढोबळ अंदाज देते. आणि गाळाने घट्ट झालेले माझे तेल त्या परीक्षेत अर्थातच पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले होते.

वंगण नेमके काय करते, हे माणसाला अपघातानेच कळले. बैलगाडीच्या कण्याला एरंडेल लावण्याची युक्ती हजारो वर्षांची, पण तेल आत गेल्यावर काय घडते याचा पत्ता १८८३ पर्यंत नव्हता. त्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा अभियंता, तिथल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेसाठी, रेल्वेच्या आसावरच्या बेअरिंगचे घर्षण मोजत होता. वरून तेल सोडता यावे म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरायला लागल्यावर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागले. टॉवरने बूच बसवले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकत सरकत निघाली. मग त्याने तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता आणि मापकाचा काटा २०० च्या पार गेला. म्हणजे आसावर टेकलेला सगळा भार तेलाने स्वतःच्या अंगावर उचलून धरला होता, धातू धातूला शिवतच नव्हता.

याचे गणित १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मांडले. फिरणारा आस बेअरिंगमध्ये बरोबर मध्यभागी नसतो, किंचित एका अंगाला असतो. त्यामुळे भोवतालची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होते. आस आपल्याबरोबर तेल ओढत नेतो, रुंद फटीतले तेल निमुळत्या फटीत कोंबले जाते, तिथे दाब चढतो आणि आस त्या दाबावर तरंगतो. पावसात भिजलेल्या डांबरी रस्त्यावर भरधाव गाडीचे चाक पाण्यावर चढून घसरते, त्यामागेही हीच पाचर असते. रस्त्यावर ती जीव घेते, इंजिनात ती जीव वाचवते.

हे एकदा ध्यानात घेतले की आपला मूळ प्रश्नच बदलतो. पाचर टिकून आहे तोवर झीज जवळपास शून्य. तेल स्वस्त असो की महाग, धातू शिवतच नाही म्हटल्यावर जपायचे कशापासून? तेलातेलांमधला फरक शोधायचा तो पाचर मोडते त्या प्रसंगी : इंजिन सुरू होताना, बंद होताना, अती भार आणि कमी वेग एकत्र आले की, तेल फारच तापले की, आणि कॅमच्या टोकासारख्या जागी, जिथे दोन पृष्ठभाग इतक्या चिंचोळ्या रेषेवर भिडतात की तेल पिळून बाहेर निघते. १९०२ मध्ये जर्मनीत रिचर्ड श्ट्रिबेकने वेग, भार आणि घर्षण यांचा आलेख काढला तो याच कारणाने महत्त्वाचा. वेग कमी असताना घर्षण जास्त, वेग वाढेल तसे झपाट्याने कमी होत एका तळाला येते आणि पुढे पुन्हा हळूहळू चढते, कारण आता तेल स्वतःच्याच श्यानतेशी झगडत असते. अर्थात फार पातळ तेलात पाचर मोडण्याची भीती, तर फार जाड तेलात इंजिनाची ताकद तेल ढवळण्यातच खर्च होण्याची.

डब्यावरचे '२०डब्ल्यू-५०' किंवा '५डब्ल्यू-३०' हे आकडे या झगड्याचे आहेत. हा अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेचा, एसएईचा, निर्देश. १९११ पासून चालत आलेला आणि वेळोवेळी सुधारलेला. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरू शकेल का, हे सांगतो. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. नंतरचा आकडा १०० अंशांच्या श्यानतेचा : ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. कोल्हापुरात थंडी म्हणजे चौदा-पंधरा अंश, त्यामुळे पहिल्या आकड्याची आपल्याला काश्मीर-लडाखवाल्यांइतकी फिकीर नाही, हे खरे.

"पातळ तेल आपल्याकडच्या उन्हाला टिकायचं नाही" हे मेस्त्रीचे वाक्य मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. बाहेर मे महिन्याचे ऊन असो की डिसेंबरची पहाट, गरम झालेल्या इंजिनातले पाणी थर्मोस्टॅट नव्वदच्या आसपास धरून ठेवतो आणि तेल साधारणपणे त्याच्या थोडे पुढे-मागे राहते. तेलाच्या दृष्टीने कोल्हापूर आणि ओस्लो यांत चालू इंजिनात फरक थोडाच उरतो. आता ०डब्ल्यू-२० हे पाण्यासारखे वाटणारे तेल घ्या. ४० अंशांला, म्हणजे आपल्या उन्हाळी दुपारी उभ्या असलेल्या गाडीत, त्याची श्यानता साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोक असते. आणि जाडजूड २०डब्ल्यू-५० गरम इंजिनात, १०० अंशांना, अठराच्या आसपास. म्हणजे थंड इंजिनातले सर्वांत 'पातळ' तेल हे गरम इंजिनातल्या सर्वांत 'जाड' तेलाच्या दुपटीहून जाड! मला हे प्रथम उमगले तेव्हा आकडे दोनदा तपासले. इंजिन थंड असताना जाडी कमी पडत नाही, उलट जास्त असते. अडचण असते ती तेल वरच्या कॅमपर्यंत लवकर पोचण्याची, आणि तिथे पातळ तेल सरस ठरते.

मग जाडीची खरी कसोटी कुठे? बेअरिंगच्या अगदी निमुळत्या फटीत. थोडा हिशेब करू. क्रँकच्या ज्या भागावर बेअरिंग बसते त्याचा व्यास ४८ मिलिमीटर धरा आणि इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते आहे असे माना. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटर झाला. फट १५ मायक्रॉनची धरली, तर तेलाचा एक थर स्थिर आणि केसाच्या जाडीच्या एक-पंचमांश अंतरावरचा दुसरा थर ताशी ५४ किलोमीटर वेगाने पळतो आहे. या ओढाताणीला कर्तन म्हणतात आणि येथे तिचा दर सेकंदाला दहा लाख येतो. दोन बोटांनी तार ताणताना तो पाच-पंचवीसही नसेल.

येथे बहुश्रेणी तेलाचे एक गुपित उघडे पडते. पातळ मूळ तेलात लांबलचक साखळ्यांचे बहुवारिक मिसळून ते गरम झाल्यावर जाड राखलेले असते. थंडीत या साखळ्या गुंडाळी करून पडून असतात, उष्णतेने उलगडतात आणि तेलाच्या वाहण्याला अडवतात. पण दहा लाखांच्या कर्तनात त्या साखळ्या वाऱ्यातल्या उसासारख्या एका दिशेला झुकतात आणि त्यांची अडवणूक संपते. काही साखळ्या तर कायमच्या तुटतात. म्हणून जाणकार १०० अंशांच्या साध्या श्यानतेऐवजी १५० अंशांना, दहा लाखांच्या कर्तनदराला मोजलेली श्यानता विचारतात. '२०' श्रेणीला ती किमान २.६ मिलिपास्कल-सेकंद, '३०' ला २.९ आणि ५डब्ल्यू-४० सारख्या तेलाला ३.५ असावी लागते. बेअरिंग जपण्याच्या बाबतीत तेलांची तुलना करायची, तर सर्वांत बोलका आकडा हाच. तो डब्याच्या पुढच्या बाजूला कधीच नसतो. तिथे शर्यतीची गाडी असते.

नव्या इंजिनांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लिहिलेले असते ते प्रामुख्याने इंधन वाचावे म्हणून, इंजिन जास्त टिकावे म्हणून नव्हे, हे मला मोकळेपणाने सांगावेसे वाटते. पण त्या इंजिनाची बेअरिंगे, तेलपंप, पृष्ठभागांची सफाई हे सगळे त्या तेलाच्या हिशेबाने आखलेले असते. जुन्या, ढिल्या इंजिनात ते ओतणे जितके चुकीचे, तितकेच नव्यात २०डब्ल्यू-५० ओतणे.

आता पाचर मोडल्यानंतरची गोष्ट. येथे मात्र खरोखरीचा चिकटपणा लागतो आणि आपले एरंडेल येथे मोठे गुणी. त्याचे रेणू एका टोकाने धातूला घट्ट धरतात. पहिल्या महायुद्धातली फिरत्या सिलिंडरांची विमान-इंजिने एरंडेलावर चालत, आणि कॅस्ट्रॉल हे १९०९ चे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच घडवलेले आहे. एवढे गुणी असूनही ते रोजच्या मोटारीत टिकले नाही, कारण तापल्यावर ते डिंकासारखे होते आणि दट्ट्याच्या रिंगांत लाखेसारखा थर धरते. झीज थोपवण्यात उत्तम, इंजिन स्वच्छ ठेवण्यात वाईट. ही गोष्ट पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

एरंडेलाची जागा घेतली ती जस्त, गंधक आणि फॉस्फरस यांच्या एका संयुगाने. जाणकार त्याला झेडडीडीपी म्हणतात. १९४१ च्या सुमारास अमेरिकेत त्याची पेटंटे झाली ती बेअरिंग गंजू नयेत आणि तेल आंबू नये म्हणून. ते झीजही थोपवते, हे नंतर ध्यानात आले. धातू धातूला घासू लागला की त्या जागेच्या उष्णतेने आणि ताणाने हे संयुग मोडते आणि तिथेच काचेसारखा फॉस्फेटचा थर बसवते. जाडी सुमारे शंभर नॅनोमीटर, केसाच्या सातशेव्या हिश्शाएवढी. पुढची घासणी त्या थराची होते, लोखंडाची नाही. थर झिजला की पुन्हा बसतो. जिथे जखम तिथेच औषध! मग ते भरपूर का घालू नये? कारण इंजिनाने जाळलेल्या थोड्याफार तेलाबरोबर फॉस्फरस धुराड्यात जातो आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत २००४ पासून त्याचे प्रमाण ०.०६ ते ०.०८ टक्क्यांच्या चौकटीत बांधले गेले. किमान मर्यादा इंजिनासाठी, कमाल मर्यादा हवेसाठी.

जखमेवरच्या या औषधाचे मोठे प्रदर्शन मी काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक मेळ्यात पाहिले. टेबलावर मोटरीने फिरणारी पोलादी रिंग, तिच्यावर तरफेने दाबलेला पोलादी तुकडा, खाली वाटीत तेल. नामांकित तेल ओतले, दोन-चार वजने ठेवताच किंचाळून मोटर थांबली. मग विक्रेत्याने आपल्या बाटलीतले चमचाभर द्रव्य मिसळले आणि वजनांवर वजने चढवली तरी रिंग फिरतच राहिली. गर्दीने टाळ्या वाजवल्या, मी बाटली विकत घेतली. नंतर वाचले की अशा यंत्राचे मूळ टिमकेनच्या चाचणीत आहे, आणि ती चाचणी ग्रीस आणि गिअर तेले यांच्यासाठी आहे. चमचाभर द्रव्यात बहुतेक वेळा क्लोरीनयुक्त पॅराफिन असते. प्रचंड दाबाखाली ते झटकन क्षाराचा थर बसवते, म्हणून रिंग थांबत नाही. पण इंजिनात पाण्याची वाफ असते, उष्णता असते, आणि तिथे त्याच क्लोरीनपासून आम्ल होऊन बेअरिंग कुरतडले जाऊ शकते. डोक्याला लावायचा शाम्पूसुद्धा या यंत्रावर चांगल्यापैकी गुण मिळवतो. ती बाटली अजून माझ्या माळ्यावर आहे.

चार गोळ्यांची चाचणी त्याहून सभ्य. १९३३ मध्ये बोर्लाखे या डच संशोधकाने ती मांडली. अर्ध्या इंची पोलादाच्या तीन गोळ्या कपात घट्ट बसवायच्या, चौथी त्यांच्यावर दाबून फिरवायची. आजच्या प्रमाणित पद्धतीत ७५ अंशांना, मिनिटाला १२०० फेऱ्यांनी, तासभर. शेवटी खालच्या गोळ्यांवरच्या चट्ट्याचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. चट्टा लहान तितके तेल भले, असे म्हणून कोष्टके छापली जातात आणि ग्राहक त्यांवर जीव टाकतात. पण इंजिनात गोळी गोळीवर एकाच ठिकाणी तासभर घासली जात नाही. कॅमचे टोक क्षणभर भिडते आणि निघून जाते. धातू निराळा, तापमान निराळे, आणि तेल कोरे-करकरीत, त्यात ना काजळी ना पेट्रोल. तेल बनवणाऱ्याला बॅच बिघडली का हे पाहायला ही चाचणी उपयोगाची. 'अमुक तेल तमुकापेक्षा इंजिनाला दीडपट जपते' असे तिच्यावरून सांगणे म्हणजे लिंबू-चमचा शर्यतीवरून मॅरेथॉनचा विजेता ठरवणे.

खरी परीक्षा इंजिनातच घ्यावी लागते, आणि डब्याच्या मागच्या बाजूला वर्तुळात लपलेली 'एपीआय एसएन', 'एपीआय एसपी' ही अक्षरे त्याच परीक्षांची प्रमाणपत्रे आहेत. एसएन २०१० चे, एसपी २०२० चे. एसएनपर्यंत कॅमच्या झिजेसाठी निसानचे एक २.४ लिटरचे इंजिन १०० तास चालवत. पण कसे? तासातली ५० मिनिटे नुसते मंद, तेल जेमतेम ४९ अंशांवर, आणि १० मिनिटे १५०० फेऱ्यांवर. शर्यत नाही, चढ नाही. कारण कॅमला सर्वांत जाच होतो तो मंद आणि कोमट इंजिनात. एक तर वेग कमी म्हणून पाचर नाही, दुसरे म्हणजे उष्णता कमी म्हणून झेडडीडीपीही आळसावलेले. हे वाचले तेव्हा मला माझा रोजचा रस्ता आठवला : घर ते बँक साडेतीन किलोमीटर, तीन सिग्नल. गाळासाठीची परीक्षा वेगळी, फोर्डच्या इंजिनावर २१६ तास. तेल तापून घट्ट होते का, याची वेगळी. टाइमिंग चेन ताणते का, याची वेगळी.

या परीक्षा एकमेकींना छेदतात, हे त्यांचे मर्म. जस्त-फॉस्फरस वाढवले की कॅम सुखी, कन्व्हर्टर दुःखी. इंजिन स्वच्छ ठेवणारी कॅल्शियमची क्षारके वाढवली, तर टर्बो पेट्रोल इंजिनात मंद वेगाला अवेळी स्फोट होऊन दट्ट्याच फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून अलीकडच्या तेलांत काही कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमने घेतली आहे. चांगले तेल म्हणजे चांगल्या गुणांची बेरीज, असा माझा समज होता. ती एक तडजोड असते.

'सिंथेटिक' या शब्दाचेही थोडे सांगतो, कारण या अंकाच्या वाचकांना शब्दांची पर्वा असते. मूळ अर्थ रेणू जुळवून तयार केलेले तेल. पुढे खनिज तेलावरच हायड्रोजनाची कडक प्रक्रिया करून त्याला जवळपास तशा गुणांचे बनवता येऊ लागले, आणि कॅस्ट्रॉलने अमेरिकेत अशा तेलाला सिंथेटिक म्हटले. मोबिलने जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियमन मंडळाकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून हा शब्द घडणीविषयी फारसे काही सांगत नाही, किमतीविषयी सांगतो. अशी तेले उष्णतेला जास्त टिकतात, थंडीत जास्त वाहतात, यात शंका नाही. पण दोन डब्यांवर तोच शब्द असला म्हणजे आतही तेच असेल, असे समजू नये.

आता ज्या एका प्रयोगाने माझी पुष्कळ मते हलवली, त्याकडे येतो. १९९६ च्या जुलैत अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींचा वृत्तांत छापला. टॅक्सी शेव्हरोलेच्या, इंजिने ४.३ लिटरची, सहा सिलिंडरांची, नव्याने बांधलेली. बांधतानाच कॅम आणि बेअरिंगे मोजून ठेवलेली. वीसेक तेले या टॅक्सींत वाटली, स्वस्त खनिज तेलांपासून महागड्या सिंथेटिकपर्यंत. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटर, पळवली. मग इंजिने खोलून तेच भाग पुन्हा काटेकोरपणे मोजले. निष्कर्ष असा की, एकाच तेलावर चाललेल्या दोन इंजिनांत जेवढा फरक होता तेवढाच निरनिराळ्या तेलांवर चाललेल्या इंजिनांत. कोणतेही तेल उठून दिसले नाही. ६,००० मैलांनी तेल बदललेल्या आणि ३,००० मैलांनी बदललेल्या टॅक्सींतही अर्थपूर्ण फरक नव्हता.

हे वाचून मी महिनाभर सर्वांना सांगत सुटलो की तेले सगळी सारखीच. मग सावकाश प्रयोगाकडे पुन्हा पाहिले. ७५ टॅक्सी आणि वीसेक तेले, म्हणजे एका तेलाच्या वाट्याला तीन-चार टॅक्सी. एवढ्या कमी संख्येत मोठा फरक दिसला असता, लहान फरक इंजिनाइंजिनांतल्या नैसर्गिक फरकात बुडून गेला असता. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. दुसरे असे की, न्यूयॉर्कची टॅक्सी पाळीपाळीने जवळजवळ चोवीस तास चालते. तिचे इंजिन क्वचितच थंड पडते. श्ट्रिबेकच्या आलेखातला धोक्याचा कोपरा तिच्या वाट्याला फार कमी येतो. ज्या प्रसंगी तेलांतला फरक दिसावा तो प्रसंगच त्या प्रयोगातून वगळला गेला होता, आणि मासिकाचा तसा हेतू नव्हता, टॅक्सींची जीवनशैलीच तशी. तरीही त्या प्रयोगाची माझी किंमत कमी झालेली नाही. योग्य श्रेणीचे, प्रमाणित तेल घातले आणि गाडी नेमाने पळत राहिली, तर डब्यावरच्या नावाने फारसे बिघडत नाही, एवढे तो ठामपणे दाखवतो. तो टॅक्सीविषयी खरा आहे. माझी गाडी टॅक्सी नव्हती.

माझ्या इंजिनात काय झाले, ते आता मला सांगता येते. लिटरभर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन निघते. बहुतेक धुराड्यातून जाते, थोडे दट्ट्याच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते, अर्धवट जळालेल्या पेट्रोलासह. इंजिन तासभर नीट तापले की ही पाहुणे मंडळी उडून जातात. साडेतीन किलोमीटरांत तेल कोमटही होत नाही. पाणी तिथेच राहते, आम्ले होतात, तेलातली क्षारके ती मारता मारता संपतात, काजळी धरून ठेवणारी द्रव्ये थकतात आणि मग शिरा जमतो. मी दोन वर्षांत जेमतेम अकरा हजार किलोमीटर चालवले आणि ते तेल बदलले नाही, कारण ते महाग होते आणि आकडा भरला नव्हता. एरंडेलाची गोष्ट उलट्या अंगाने पुन्हा घडली. झेडडीडीपी कामावर होते, मूळ तेल उत्तम होते, झीज थोपवायला सगळे सज्ज होते. गाळाने वाट अडवली आणि तेल पोचलेच नाही. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापराच्या यादीत वारंवार छोटे फेरे असा उल्लेख होता आणि त्यासाठी निम्म्या अंतराचा, किंवा ठरावीक महिन्यांचा, नियम होता. मी समजत होतो की खडतर म्हणजे खाणीतला ट्रक.

पुढे दोनदा वापरलेले तेल प्रयोगशाळेत धाडून पाहिले. त्यात लोह, तांबे, शिसे दशलक्ष भागांत किती, ते कळते. पहिल्या वेळी तेल निव्वळ शहरातले होते, दुसऱ्या वेळी मध्ये गोवा आणि पुणे घडले होते. तेल तेच, गाडी तीच, आणि लोह दुसऱ्या वेळी जवळजवळ निम्म्यावर. मध्ये मी तेल बदलले असते तर नव्या तेलाचे गुण गायले असते. शिवाय त्या यंत्राला पाच-सात मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. बेअरिंगची कपची निघाली तर तिची नोंद अहवालात होईलच असे नाही. मधे लिटरभर तेल वरून घातले असेल तर आकडे आपोआप सुधारतात. एका गाडीचा वर्षानुवर्षांचा कल पाहायला ही तपासणी फार चांगली. शेजाऱ्याच्या अहवालाशी आपला जुळवून तेलांची कुस्ती लावायला निरुपयोगी.

आता मी पुस्तिकेतल्या श्रेणीचे, चालू वर्गाचे, मधल्या किमतीचे तेल घेतो. आमच्या एका हार्डवेअरच्या दुकानात अजून 'एसएफ' लिहिलेले डबे स्वस्तात मिळतात. तो वर्ग १९८० चा आहे. असे तेल आजच्या इंजिनात घालणे ही बचत नव्हे. दर सहा महिन्यांनी, किलोमीटर किती झाले हे न पाहता, बदलतो. महिन्यातून एकदा ज्योतिबाच्या डोंगरावर गाडी नेतो. घरच्यांना ती भक्ती वाटते.

परवा तेल बदलताना मेस्त्रीने सवयीने बोटांवर थेंब घेतला. मी म्हटले, "मेस्त्री, ती तार बघून काही कळत नाही हो." तो म्हणाला, "तार कोण बघतंय साहेब, वास बघतोय. पेट्रोलचा वास येतोय. परत गावातल्या गावातच फिरवलीसा?" मी वाकून हुंगले. येत होता. तेवढ्यात शेजारच्या बांधकामावरचा पोऱ्या जळके तेल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला म्हणून मागायला आला. मेस्त्रीने ट्रे त्याच्या डब्यात रिकामा केला आणि ड्रेनचा नट आवळायला पुन्हा गाडीखाली सरकला.